परड्यातली लिली

कुडाळात लिली होत नाही, असं ठामपणे सांगणारा कुणी भेटला की मी एवढंच विचारतो, कुंडी आणली कधी? उत्तर बहुतेक वेळा डिसेंबर नाहीतर जानेवारी असतं. त्या दिवसांत नर्सरीत कळ्यांनी भरलेल्या कुंड्या येतात. गुलाबी, पिवळ्या, केशरी, गुडघाभर उंच. पंधरा दिवस पडवी उजळून निघते. मग फुलं झडतात, पानं पिवळी पडतात, दांडा वाळतो. माणूस आशेवर पाणी घालत राहतो. जूनमध्ये मातीतून काही वर येत नाही, आणि श्रावणात कुंडी उपडी केली की आत मऊ, घाणेरड्या वासाचा गोळा सापडतो. मग सगळा दोष कुडाळच्या हवेवर जातो.

हे सांगणाऱ्याच्याच खळ्याच्या कडेला आजीने किंवा काकीने कधीकाळी खोचलेली गुलाबी लिली मिरगाच्या सरींनंतर आठवड्याच्या आत ओळीने फुललेली असते. तिला कुणी खत घातलेलं नसतं, पाणी घातलेलं नसतं, आणि लिली म्हणून कुणी तिला मोजतही नाही. विकत आणलेली ती लिली, आणि फुकट आलेलं ते रान.

विकतची ती लिली, म्हणजे लिलियम, थंड मुलखाची. जगात तिच्या शंभराच्या आसपास जाती आहेत आणि त्या सगळ्या उत्तर गोलार्धातल्या. हिवाळ्यात जमीन गारठते, कांदा मातीखाली काही आठवडे थंडी सोसतो, आणि ती थंडी सोसल्यावरच त्याच्या आत पुढच्या वर्षीच्या वाढीची आणि फुलाची तयारी होते. नर्सरीतल्या कुंडीतला कांदा ही थंडी शीतगृहात घेऊन आलेला असतो. बहुतेक कांदे हॉलंडमधून येतात. म्हणजे पहिल्या वर्षीचं फूल आपल्या हातचं नसतंच, ते आधीच कांद्यात भरून आलेलं असतं. आपली परीक्षा दुसऱ्या वर्षी सुरू होते आणि तिथे कुडाळची हवा खरंच आड येते. ऐन पौषातल्या पहाटेलाही इथला पारा दहाच्या खाली जाणं म्हणजे अपवाद, आणि दुपार तर तिशीच्या घरातच.

दक्षिणेत लिलियम मुळीच नाही असं नाही. निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांवर एक पांढरी, लांब कर्ण्यासारखी जात रानात वाढते. रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५३ साली तिची नोंद केली. पण ती राहते उंच डोंगरमाथ्यावरच्या गवतात, जिथे दिवसाही गारवा असतो. मणिपूरमधल्या उखरूलजवळच्या शिरुई डोंगरावरची फिकट गुलाबी लिली तर आणखी हट्टी. फ्रँक किंग्डन-वॉर्डने १९४६ साली ती गोळा केली, पुढे तिला त्याच्या पत्नीचं नाव मिळालं, आज ती मणिपूरचं राज्यपुष्प आहे. आणि तो डोंगर सोडून ती दुसरीकडे सहसा रुजत नाही. डोंगराखालच्या कुडाळात, समुद्रापासून थोड्याच अंतरावर, तिच्या भाईबंदांनी नांदावं ही अपेक्षाच जरा जास्त आहे.

तरीही कुणाला हौस असेल तर मी अडवणार नाही. रस्ता आहे, तो मात्र फ्रिजमधून जातो. दांडा पूर्ण वाळल्यावर कांदा काढायचा, जेमतेम ओलसर कोकोपीटमध्ये घालून भोकं पाडलेल्या पिशवीत ठेवायचा आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात सहा ते आठ आठवडे राहू द्यायचा. त्याच कप्प्यात पिकती केळी किंवा चिकू नकोत. पिकणाऱ्या फळातून सुटणारा वायू आतला कोंब बिघडवतो. डिसेंबरच्या सुरुवातीला कुंडीत लावायचा आणि तोही वीतभर खोल. कारण लिलियमला कांद्याच्या वर, दांड्यालाही मुळं फुटतात आणि झाडाचं बरंचसं पोट त्यांच्यावर चालतं. सकाळचं ऊन, दुपारची सावली. एवढं केल्यावर फूल येईल, पण पहिल्यापेक्षा लहान, आणि तिसऱ्या वर्षी बहुधा येणार नाही. ज्याला हा हिशोब परवडतो त्याने जरूर करावं. मला विचाराल तर तेवढ्या फ्रिजच्या जागेत सोलकढी जास्त शोभते.

या पुस्तिकेचा भर त्या बाकीच्या झाडांवर आहे, ज्यांना आपण सरसकट लिली म्हणतो आणि जी इथे जन्मभर राहतात. रेन लिली, फुटबॉल लिली, स्पायडर लिली, मोठ्या लाल भोंग्यांची अमरिलिस, सुदर्शन, आणि गडग्यावर चढणारी वाघनखी. यांतली वाघनखी सोडली तर बाकीची सगळी एका वेगळ्याच कुळातली, अमरिलिसच्या कुळातली. त्या कुळाचं कुलवृत्त लिहिणारा माणूस पेशाने धर्मोपदेशक होता. विल्यम हर्बर्ट, पुढे मँचेस्टरचा डीन झालेला. १८२१ साली त्याने आपल्या लाल अमरिलिसला हिप्पिअ‍ॅस्ट्रम आणि रेन लिलीला झेफिरँथिस ही शास्त्रीय नावं दिली, १८३७ साली या कुळावर जाडजूड ग्रंथ काढला, आणि १८४२ साली सह्याद्रीच्या उत्तर भागातच सापडणाऱ्या एका पांढऱ्या क्रायनमचंही, म्हणजे सुदर्शनाच्या भाईबंदाचंही, नामकरण केलं. इंग्लंडातल्या काचघरात बसून त्याने एक गोष्ट ओळखली होती. यांतल्या पुष्कळ कांद्यांना थंडीची भूक नसते. त्यांना कोरडेपणा लागतो, आणि त्यानंतर पाणी.

कुडाळच्या वर्षाकडे आता या नजरेने पाहा. तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ऑक्टोबरात थोडा परतीचा. त्यानंतर वळवाच्या सरी येईपर्यंत आकाश कोरडं ठक्क. आंब्या-काजूवाला या कोरड्या महिन्यांवरच जगतो. कांद्यांनाही तेच हवं असतं. दक्षिण अमेरिकेत आणि आफ्रिकेत ज्या माळांवर ही झाडं घडली तिथलाही क्रम असाच, ओला हंगाम आणि मग लांब कोरडी झोप. आपलं पंचांग त्यांच्याशी आपोआप जुळतं. ते मोडतो आपणच, पाइप हातात घेऊन.

संध्याकाळी अबोली, जास्वंद, मोगरा, कढीपत्ता असं एका ओळीने शिंपत निघालेला माणूस झोपलेल्या कांद्यालाही तेवढंच पाणी पाजतो. पान नाही, फूल नाही, म्हणून जरा जास्तच पाजतो. कांदा मरतो तो असा, मायेने. परसबागेच्या बहुतेक पुस्तकांत महिनावार पाण्याचं कोष्टक असतं आणि ते पुण्याच्या नाहीतर कुठल्या परदेशी हवेवर बेतलेलं असतं. त्यात पावसाळ्याचे चार महिने पाणी कसं टाळायचं याचं एक वाक्यही नसतं. कोकणात तोच तर मुख्य प्रश्न.

पाणी टाळायचं म्हणजे निचरा करायचा. आपली जांभी माती भरड, सच्छिद्र, पाणी झरझर खाली सोडणारी. पण दोन ठिकाणी ती फसवते. एक, भंगसाळच्या काठच्या सखल बागांत, जिथे जांभ्यावर गाळाची माती साचलेली असते आणि आषाढात परड्यातच तळं होतं. दुसरं, नव्या घरांच्या आवारात. घर बांधताना ट्रक फिरून जमीन दाबली गेलेली असते, त्यावर डबर, त्यावर विकतच्या मातीचा पातळ थर. पाणी मुरत नाही, आणि माणूस म्हणतो कांदाच खराब निघाला. दोन्हींवर एकच उपाय आहे आणि त्यासाठी बाजारात जावं लागत नाही. एक चिरा उंचीचा वाफा. चिरे नुसते मांडायचे, सिमेंट लावायचं नाही, म्हणजे फटींतून पाणी निघून जातं. आत निम्मी जांभी माती, उरलेल्यात कुजलेलं शेणखत, पातेऱ्याचं खत आणि नदीची भरड रेती. रेती मिळणं आताशा कठीण झालंय, तिच्याऐवजी चिऱ्याचा बारीक चुरा किंवा भाताचा जाळलेला तूस चालतो. ताजं शेण नको. कांद्याला ते भाजतं.

खताच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण हौशी लोक इथेच पैसे घालवतात. फुलं येत नाहीत म्हणून हाडांचा चुरा किंवा सुपरफॉस्फेट ओततात. कोकणची माती आम्लधर्मी. पावसाने तिच्यातला चुना वाहून नेलेला, मागे लोह आणि अ‍ॅल्युमिनियम उरलेलं. वरून घातलेलं स्फुरद हे दोघे धरून ठेवतात आणि मुळांपर्यंत फारसं काही पोचू देत नाहीत. तेच स्फुरद कुजलेल्या खतात मिसळून, कांद्याच्या जवळ, थोडं थोडं दिलं तर कामी येतं. बाकी राख. चुलीची राख ज्यांच्याकडे अजून आहे त्यांनी ती पावसाळा संपल्यावर कांद्याभोवती चिमूटभर टाकावी. पालाश मिळतं आणि आम्लताही थोडी उतरते.

लावण्याची खोली ही या पुस्तिकेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जातीप्रमाणे ती बदलते. रेन लिलीचा कांदा दोन बोटं मातीखाली. अमरिलिस आणि सुदर्शन यांची मान पूर्ण बाहेर, अमरिलिसचा तर वरचा तिसरा हिस्सा मातीच्या वर. फुटबॉल लिलीची मान मातीच्या बरोबरीने. आमच्या भागातली जुनी माणसं हे एका वाक्यात सांगतात, "कांदो खोल पुरू नको, कुसतलो." मानेभोवती पाणी साचलं की कांदा तिथून सडायला लागतो, आणि वरून पानं हिरवी असतात तोवर आतलं काही कळत नाही.

आता एकेक झाड. सगळ्यांना इथे सारखी जागा देणार नाही, सगळी सारखी अवघड नाहीत.

रेन लिलीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण तिला कुणाच्या मदतीची गरज नाही. मोठी गुलाबी मिरगात, पांढरी बहुधा श्रावणानंतर, पिवळी अधूनमधून. कोरडी पडलेली माती भिजून निघाली की तीन-चार दिवसांत कळी वर येते, एक-दोन दिवस टिकते, मग पुढच्या जोरदार सरीची वाट पाहते. भर पावसात संततधार लागली की उलट फुलणं थांबतं, उघडीप देऊन पुन्हा पाऊस पडला की परत येतं. एकेक कांदा दूर दूर लावू नये. मूठभर कांदे जवळजवळ लावले आणि वर्षानुवर्षं न हलवता दाटू दिले की ओळ भरून दिसते. पूर्ण ऊन हवं. माडाच्या सावलीत पानंच फोफावतात.

फुटबॉल लिली, म्हणजे पुष्कळ घरांतलं मे फ्लॉवर, आफ्रिकेची. वर्षातून एकदाच, वळवाच्या आगेमागे, मातीतून थेट दांडा येतो आणि त्यावर शेकडो बारीक फुलांचा लाल गोळा. पान मागून. दिवाळीनंतर पानं पिवळी पडली की कुंडी उचलून पडवीच्या कोपऱ्यात आडवी करून ठेवावी आणि एप्रिलअखेरपर्यंत विसरून जावं. विसरता येणं ही या झाडाची एकमेव अट आहे. आणि कुंडी बदलायची घाई करू नये, दाटीवाटीने बसलेला कांदा जास्त खुशीत असतो.

अमरिलिसपाशी मात्र थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त तक्रारी तिच्याबद्दल. पानं भरपूर, फूल नाही. तिचं गणित कांद्याच्या आत आहे. कांदा एकापाठोपाठ एक पानं काढत जातो आणि साधारण दर चार पानांमागे आत एका फुलाच्या दांड्याचा अंकुर बसवतो. तो बाहेर यायला वर्षभराच्या आसपास लागतं. म्हणजे येत्या मार्चमध्ये जे फूल दिसेल त्याचा पाया मागच्या वर्षीच्या पानांनी घातलेला असतो. आता आपण काय करतो? फूल झाल्यावर ती लांबलचक पानं अस्ताव्यस्त दिसतात म्हणून कापतो, गाठी मारतो, नाहीतर कुंडी मागच्या दाराला, अंधारात नेऊन ठेवतो. पुढच्या वर्षीचं फूल आपण तिथेच कापलेलं असतं. फुलाचा दांडा सुकल्यावर कापा, पान कापू नका. पावसाळाभर तिला उजेड आणि खत द्या, पण थेट धार नको. छपराच्या वळचणीला, पागोळी अंगावर पडणार नाही अशी जागा उत्तम. नोव्हेंबरपासून पाणी कमी करत थांबवा. आठ-दहा आठवडे कोरडं राहू द्या, पानं गळोत न गळोत. जानेवारीच्या शेवटी एकदा भरपूर पाणी, मग दांड्याचं टोक दिसेपर्यंत पुन्हा हात आखडता. लहान कांदा फुलत नाही, तो मोसंब्याएवढा तरी झाला पाहिजे. म्हणून दर वर्षी पिल्लं वेगळी करणाऱ्यांकडे कांदे खूप असतात आणि फुलं नसतात.

या फुलाचा पहिला संकर एका घड्याळजीने केला. आर्थर जॉन्सन, इंग्लंडमधल्या लँकेशायरचा, १७९९ साली. लाल पाकळीवर मधोमध पांढरी रेघ. त्याच्या नावाचं ते वाण सव्वादोनशे वर्षं घराघरांतून हातोहात फिरत जगभर पोचलं. कुंपणावरून शेजारणीला दिलेला कांदा बाजारातल्या कांद्यापेक्षा जास्त टिकतो, याला यापेक्षा मोठा पुरावा नको. शेजारणीच्या कांद्याने आपली माती, आपला पाऊस आणि आपल्या गोगलगाई बघितलेल्या असतात.

स्पायडर लिली बाजाराची. दादरच्या फुलबाजारात पांढऱ्या लांब कळ्यांच्या ज्या जुड्या दिसतात त्या हिच्याच. पालघर आणि दक्षिण गुजरातेत तिची शेती होते. कळी उमलायच्या आत तोडतात, कारण उमललेल्या फुलाचे लांब नाजूक पदर हारात टिकत नाहीत. आपल्याकडे सुरंगीच्या वळेसरांपुढे तिला भाव नाही, हे मी समजू शकतो. पण घराच्या आवारात, संध्याकाळी उमलणारी, रात्रभर वास देणारी, वर्षभर हिरवी, सावलीतही चालणारी आणि सांडपाण्याच्या कडेलाही न रुसणारी दुसरी वनस्पती मला माहीत नाही. ती जुनी समुद्रकाठची, खाऱ्या वाऱ्याला सरावलेली. तिला कोरडी झोप लागत नाही, त्यामुळे वर जे काही पाणी तोडण्याबद्दल लिहिलं ते तिला लागू नाही.

सुदर्शन तिचाच मोठा सोयरा, पण इथला. त्याची बी पाहण्यासारखी असते. मोठी, मांसल, हिरवट गाठ, वर पक्कं कवच नाहीच. ती पाण्यावर तरंगते आणि समुद्राच्या प्रवाहाबरोबर किनारे बदलते. नुसती पडवीत ठेवलीत तरी मातीपाण्याशिवाय कोंब काढते. लहान मुलांना बी रुजणं दाखवायला याहून सोपं साधन नाही, फक्त हात धुवायला लावा.

उरली वाघनखी. कळलावी, अग्निशिखा, खड्यानाग, हिची नावंही हिच्यासारखीच चढत जाणारी. आषाढापासून गडग्यावर, कुंपणाच्या काटेरी झुडपांतून ती वर येते, पानाच्या टोकाचाच वळसा करून आधार धरते आणि चतुर्थीच्या सुमाराला पेटते. कळी खाली मान घालून हिरवी असते, उमलताना पाकळ्या मागे वर वळतात, पिवळ्याच्या केशरी, केशरीच्या लालभडक होतात. माटवीला बांधायच्या रानफुलांत तिला मान आहे, काही गावांत गौरीच्या पूजेतही. तामिळनाडूने तिला राज्यपुष्प केलं आणि झिंबाब्वेने राष्ट्रीय फूल. आपण तिला गवत कापताना कोयत्याने उडवतो.

गंमत पुढेच आहे. अमरिलिस, रेन लिली, स्पायडर लिली यांचं लिलियमशी नातं वनस्पतिशास्त्रात फार लांबचं, गणच वेगळा. वाघनखी मात्र लिलियमच्याच गणातली. म्हणजे डिसेंबरात विकत आणलेल्या त्या कुंडीची या सगळ्यांतली सगळ्यात जवळची नातलग आपल्याच गडग्यावर, न विचारता वाढते आहे. तिला बागेत आणायचं तर कंद व्ही आकाराचा असतो हे लक्षात ठेवा. त्याच्या टोकाला एकच डोळा असतो. खणताना ते टोक मोडलं की ते वर्ष गेलं. मे महिन्यात कंद आडवा ठेवून दोन-तीन बोटं माती घाला, शेजारी कारवीची काठी नाहीतर जाळी द्या, वरून ऊन आणि मुळांशी पातेऱ्याची सावली. दिवाळीनंतर वेल सुकली की कंद तिथेच झोपू द्या, फक्त जागेवर खूण करून ठेवा. पण वाघनखी सगळी विषारी, कंद तर फारच. त्यातलं कोल्चिसीन औषधात वापरतात, मात्र ते मोजून मापून. कंद खाऊन माणसं दगावलेली आहेत. करांदे, कणगी, सुरण जिथे ठेवता तिथे हिचा कंद चुकूनही ठेवू नका.

विषाचा विषय निघालाच आहे तर तो इथेच संपवतो. या पुस्तिकेतल्या सगळ्याच कांद्यांत कमी-जास्त विष आहे. गुरं त्यांना सहसा तोंड लावत नाहीत, हा फायदाच. पण घरात मांजर असेल, आणि कोकणात मासे आहेत तिथे मांजर असतंच, तर लिलियम आणि डे लिली या दोन जाती आणू नका. त्यांचं पान चघळल्याने, अंगावर पडलेले परागकण चाटल्यानेही मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. फुलदाणीतलं पाणीसुद्धा धोक्याचं. अमरिलिसच्या कुळातल्या कांद्यांनी उलट्या होतात, तेवढ्यावर बहुधा भागतं. लिलियमच्या बाबतीत तेवढ्यावर भागत नाही.

शत्रूंमध्ये पहिला मान एका सुरवंटाचा. काळा, अंगावर पांढरे आणि लाल-केशरी ठिपके. पावसाळ्यात आई-पतंग पानावर अंडी घालते, पिल्लं झुंडीने पान खरवडतात आणि दोन रात्रींत अख्खी रेन लिलीची ओळ जमिनीसपाट करतात. हा सुरवंट मूळचा वाघनखीचा. परदेशातून आलेले अमरिलिसच्या कुळातले कांदे आपण आणून दिले, त्याने तेही आपले मानले. पतंग दिसायला इतका देखणा की मारावासा वाटत नाही. मारूही नका, रोज सकाळी पानाची खालची बाजू बघून सुरवंट चिमट्याने साबणाच्या पाण्यात टाका. फारच झाले तर निंबोळी तेल, संध्याकाळी. कीड मातीत कोषात जाते, म्हणून पावसाळा सरल्यावर वरची माती एकदा हलवून उन्हाला द्यावी. दुसरी मोठी आफ्रिकन गोगलगाय. ती रात्री बॅटरी घेऊन वेचण्याला पर्याय नाही. वाफ्यात मीठ मात्र टाकू नका, गोगलगाय जाईल आणि कांदाही. अमरिलिसच्या पानावर आणि दांड्यावर लाल चट्टे पडतात ती बुरशी. त्यावर एक टक्का बोर्डो मिश्रण, जे आपले सुपारीवाले कोळेरोगासाठी पिढ्यानपिढ्या फवारतात तेच. बागायतदार शेजारी असेल तर त्याच्या पंपात उरलेलं मागून घ्यावं, वेगळं करत बसू नये.

१९७२ साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ झालं, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र त्याहून जुनं, उद्यानविद्या महाविद्यालय तर आपल्याच तालुक्यात मुळद्याला. त्यामुळे मोहरावर तुडतुडे कधी येतात आणि वेंगुर्ला-४ काजूला खत कधी घालायचं हे खळ्यावर बसलेला कुणीही सांगेल. कांदाफुलांचं ज्ञान मात्र बायकांकडे राहिलं, लिहून न ठेवलेलं, माहेरच्या पिशवीतून सासरी गेलेलं. ही पुस्तिका बरीचशी त्यांच्याकडून गोळा केलेली आहे. जिथे पुस्तकातलं शास्त्र आणि त्यांचं म्हणणं जुळलं नाही तिथे मी दोन्ही दिलंय, आणि माझं झुकतं माप कुठे आहे तेही लपवलेलं नाही.

काय घेतलं नाही तेही सांगतो. सोनटक्का घेतला नाही, तो आल्याच्या कुळातला आणि त्याचं प्रकरण वेगळं. तळ्यातली कुमुदंही नाहीत. आणि सड्यावरचे कांदे जाणूनबुजून वगळले आहेत. पहिल्या पावसानंतर जांभ्याच्या सड्यांवर दिपकाडी फुलते, पांढरी, नाजूक, कोकणातल्या सड्यांखेरीज क्वचितच कुठे सापडणारी. डाल्झेल आणि गिब्सन यांनी १८६१ साली मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ काढला, त्यातल्या डाल्झेलनेच तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. तिची माती चिऱ्याच्या खळग्यातली, बोटभर खोलीची. चिरेखाणींनी आणि आंब्याच्या नव्या बागांनी ते सडे आधीच कुरतडले आहेत. त्यात आपण खुरपं घेऊन जाऊ नये. कुंडीत ती जगत नाही, आणि जगली असती तरी मी हेच म्हटलं असतं.

पुढच्या पानांतलं महिनावार कॅलेंडर कुडाळ, पिंगुळी, ओरोस, माणगाव या पट्ट्यासाठी आहे. आंबोली-चौकुळकडे पाऊस आणि धुकं कितीतरी जास्त, तिथल्यांनी अमरिलिस आणि फुटबॉल लिली कुंडीतच आणि छपराखालीच ठेवावी, कोरडी झोपही महिनाभर उशिरा धरावी. मालवण, वेंगुर्ला, निवतीच्या किनाऱ्यावरच्यांनी सुरुवात स्पायडर लिली आणि सुदर्शनापासून करावी. पुळणीतल्या वाळूत खत टिकत नाही, म्हणून त्यांनी सोडणं बारीक तोडून, एक पावसाळा भिजू देऊन, मग वाफ्याच्या तळाला घालावीत.